पाय कपारीत, तोंड उजेडात

सासूबाईंनी कुणाला न विचारता बाही कोपरापर्यंत सारली आणि शोभेच्या माशांच्या दुकानातल्या टाकीत हात घातला. विक्रेता तेव्हा मला प्रकाशाबद्दल काहीतरी समजावत होता. त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. दुकानातल्या कुठल्याही टाकीत गिऱ्हाइकाने हात घालायचा नाही, अशी पाटी तिथेच डोक्यावर टांगलेली होती. सासूबाईंना वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी हेच केलं असतं.

पांढऱ्याशुभ्र समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या त्या समुद्री प्राण्याच्या, जांभळ्या टोकांना त्यांनी बोट लावलं, क्षणभर तसंच धरलं, मग हात बाहेर काढून जॅकेटला पुसला.

"हे मरतंय," त्या म्हणाल्या.

त्या त्यांच्या गावच्या बोलीत बोलल्या. विक्रेत्याला, को त्याचं आडनाव, ती बोली नीट कळत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आईंना रंग फार आवडला."

हे काम मला सवयीचं आहे. मी नागरिक नोंदणी कार्यालयात खिडकीवर बसते. जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड, पत्ता बदलला, सगळं माझ्या खिडकीतून जातं. समोरचा काय बोलला आणि कागदावर काय लिहायचं, यात बरंच अंतर ठेवावं लागतं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून ते अंतर मी घरीही ठेवत होते.

त्या मूळच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या माओआओ गावच्या. नाव जियान आ-मान, वय शहात्तर. बाराव्या वर्षापासून त्या समुद्रात बुडी मारून शेवाळ काढत होत्या. ज्या शेवाळाची जेली करून लोक उन्हाळ्यात लिंबू पिळून पितात, ते. श्वास धरून खाली जायचं, खडकावरून ते उपटायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत हेच. तेवढ्यावर तीन मुलं वाढवली. नवरा होता, पण त्याचा विषय निघाला की त्या "तो बोटीवरच बरा होता" एवढंच म्हणत. गेल्या वर्षी घराच्या दगडी पायऱ्यांवरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि माझा नवरा आ-फा त्यांना बानच्याओ शहरात आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी घेऊन आला. त्याने आणलं आणि तो कामावर गेला. उरलेलं माझ्याकडे आलं.

आमच्या घरातलं काहीही त्यांना पसंत नव्हतं. भात मऊ, मासे शिळे, लिफ्ट म्हणजे उभी शवपेटी. मला त्या "सरकारी बाई" म्हणत. सरकारी बाई, मीठ कुठंय? सरकारी बाई, तुझ्या खिडकीत आज किती मेले? आणि सगळ्यात जास्त नापसंत होती ती माझी टाकी.

साठ लिटरची टाकी आहे माझी, दिवाणखान्यात, टीव्हीच्या जागी. जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्म जीवांसकट समुद्रातून आणलेले दगड, थोडी मऊ प्रवाळं, दोन केशरी-पांढरे जोकर मासे. दहा महिने मी ती जिवापाड सांभाळली होती. पाण्याचा खारटपणा रोज मोजत होते, दर रविवारी बादलीत मीठ कालवून पाणी बदलत होते. नवऱ्याच्या आयुष्यात त्याच्या कंपनीला जी जागा, ती माझ्या आयुष्यात या टाकीला होती. सासूबाई आल्या त्या दिवशी तिच्यासमोर काठी टेकून उभ्या राहिल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "वासच नाही. समुद्र धुऊन ठेवलाय."

आता मला तिच्यात एक समुद्रफूल हवं होतं, कारण जोकर मासे त्याच्या बाहूंमध्ये राहतात, आणि ते दृश्य मला माझ्या घरात पाहायचं होतं. कामाच्या दिवशी सासूबाई घरी एकट्याच असत, सुट्टीच्या दिवशीही त्यांना एकटं सोडणं बरं दिसेना, म्हणून त्यांना दुकानात बरोबर आणलं. ही पहिली चूक.

को माणूस हुशार होता, हे मान्य करायला हवं. त्याने टाकीचं वय विचारलं, दिवे कोणते ते विचारलं. मोठं गालिचासारखं पसरलेलं एक फूल मी दाखवलं तेव्हा त्याने स्वतःच नको म्हटलं. ते हातभर वाढतं आणि मासे गिळतं, छोट्या टाकीत ते ठेवणं म्हणजे खोलीत वाघ ठेवणं. खडकाच्या फटीत बसणारी बारकी, बटणाएवढी फुलं होती, ती छोट्या टाकीला योग्य, पण मासे त्यांच्यात राहत नाहीत. म्हणून मला ती नको होती. उरली ती फुगीर टोकांची जात. ती टिकाऊ, मासे तिला आपलं मानतात, फक्त ती जागा बदलते, म्हणून पाणी हलवणाऱ्या पंपाला जाळी हवी. त्या जातीत दुकानात दोन होती. एक हे पांढरं-जांभळं, दिव्याखाली काचेच्या भांड्यासारखं चमकणारं. आणि एक मागच्या टाकीत कोपऱ्यात, चिखलाच्या रंगाचं, अर्धं खडकाच्या आड. को पांढऱ्याबद्दल बोलत होता. तपकिरीबद्दल तो काहीच बोलला नाही.

सासूबाई सगळ्या टाक्यांसमोरून काठी टेकत फिरून आल्या आणि मोठ्या आवाजात निकाल देत गेल्या. को प्रत्येक वेळी त्यांना "आजी, हे खेळणं नाहीये हं" असं लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश, कानाजवळ येऊन सांगत होता. त्याला वाटत होतं त्या बहिऱ्या आहेत. त्यांना वाटत होतं तो मठ्ठ आहे. मध्ये मी, दोघांना गोड करून सांगणारी.

"आमच्याकडं याला कोंबडीचं ढुंगण म्हणतात," त्या म्हणाल्या. "बोट लावलं की असं आवळून घेतं. शेवाळ काढताना हाताला चिकटायचं, आम्ही झटकून टाकायचो. आणि हा पोरगा ते विकतोय. आणि तू घेतेयस."

मी कोला म्हटलं, आईंच्या गावाकडेही ही फुलं असतात.

"अरे वा, आजी," तो म्हणाला, कानाजवळ येऊन.

मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि एकदाच, जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ऐक. ते पांढरं आहे कारण ते उपाशी आहे. रंग असतो तेच त्याचं अन्न. बोटाला चिकटत नाही, तोंड उघडं पडलंय. घ्यायचंच असलं तर ते मागचं घे. पाय कपारीत, तोंड उजेडात, असं बसलेलं असतं ते जगतं. हे मधोमध पडलंय, कारण याला धरवत नाही."

आता हे सगळं बरोबर होतं. मी स्वतः पुस्तकांत हेच वाचलं होतं, पांढरं पडलेलं समुद्रफूल घेऊ नये, तोंड मिटलेलं असावं, खडकाला धरणारा पाय फाटलेला नसावा. पण एक गोष्ट वाचलेली असणं वेगळं आणि तीच गोष्ट नऊ महिने आपला भात, आपला पगार, आपली मुलं न होणं यांना नावं ठेवणाऱ्या तोंडातून, भर दुकानात ऐकणं वेगळं. कोने विचारलं, आजी काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, त्या थकल्यात. पांढरं द्या.

त्याने ते पिशवीत भरलं. जाळी त्याच्याकडे त्या मापाची नव्हती, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला. मी म्हटलं चालेल. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचा तो गप्पपणा मला विजयासारखा वाटला, हे आज लिहायला लाज वाटते.

अकरा दिवस ते फूल टाकीत होतं. एकदाही नीट चिकटलं नाही. सकाळी एका कोपऱ्यात, संध्याकाळी दुसऱ्या. मासे त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. मी त्याला चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायची, ते तो धरायचं आणि तासाभराने ओकायचं. आ-फाला मी सांगितलं, नवीन जागेत रुळायला वेळ लागतो. त्याने टीव्ही कुठे गेला म्हणून विचारलं. टीव्ही जाऊन दहा महिने झाले होते.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी सव्वादोनला ऑफिसात माझा फोन थरथरला. घरचा नंबर. खिडकीसमोर एक बाई वडिलांच्या मृत्यूची नोंद करायला उभी होती. मी फोन पालथा घातला. पुन्हा थरथरला. एकूण चार वेळा. ती बाई गेली, पुढचा माणूस आला, मध्ये दोन मिनिटं मोकळीही होती, तरी मी उलटा फोन केला नाही. मला ठाऊक होतं काय असणार. भात कडक झाला, किंवा मऊ झाला. वरच्या मजल्यावरचं पोर उड्या मारतंय. सरकारी बाई, मीठ कुठंय? चारही वेळा मनात सासूबाईंना एकेक उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा झणझणीत होतं. खिडकीवर बसून मी स्वतःशीच हसले सुद्धा.

सहाला घरी पोचले. दार उघडताच वास आला. इतके दिवस टाकीला नाही म्हणून ज्याची थट्टा झाली, तो वास. समुद्र सडल्याचा.

टाकीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं होतं. पंप बंद, दिवे बंद, सगळ्या पिना उपटलेल्या. पंपाच्या पात्यांत पांढऱ्या चिंध्या अडकल्या होत्या. फूल सरकत सरकत पंपापर्यंत गेलं होतं आणि आत ओढलं गेलं होतं. असं मेलेलं समुद्रफूल काही तासांत छोटी टाकी विषारी करतं, हेही मी वाचलेलं होतं.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जमिनीवर बसायची मनाई आहे. एक पाय पसरलेला, दोन पायांमध्ये भाताच्या कुकरचं आतलं भांडं. एका हाताने भांड्याची कड धरलेली, उजव्या हातात सुपाचा डाव. डावाने त्या भांड्यातलं पाणी उचलत होत्या आणि वीतभर उंचीवरून परत सोडत होत्या. उचलायचं, सोडायचं. भांड्यात दोन्ही मासे होते. लहान पोहत होता. मोठा आडवा तरंगत होता.

"तो तासाभरापूर्वी गेला," त्या म्हणाल्या. डाव थांबला नाही. "काढायला हात मोकळा नव्हता."

मी बॅग टाकली आणि हवा सोडणारा छोटा पंप शोधून आणला. बॅटरीवर चालणारा, वीज गेली तर असावा म्हणून मीच आणून ठेवलेला, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात. त्यांना तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांना टाकीजवळच्या कुठल्याच वस्तूला हात लावू दिला नव्हता. बुडबुडे सुरू झाल्यावर त्यांनी डाव खाली ठेवला. बोटं डावाच्या दांड्याभोवती वळलेली होती तशीच राहिली. मी ती एकेक करून सरळ केली.

अडीचपासून सहापर्यंत त्या पाण्यात अशी हवा मिसळत होत्या. मी विचारलं, पाणी कुठलं घेतलं? बाल्कनीत चार बादल्या होत्या. दोन साध्या पाण्याच्या, एक कपड्यांच्या साबणाची, एक रविवारसाठी मीठ कालवून ठेवलेली. सगळ्या सारख्याच निळ्या.

"चाखलं," त्या म्हणाल्या. "साबणाचंही चाखलं. खाऱ्यात मीठ जरा कमी आहे. तू ते यंत्र घालून बघतेस ना रोज? त्याला सांग."

मग त्यांना उठवायला गेले तर उठता येईना. मी त्यांच्या काखेत हात घातले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच धरलं होतं. वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलक्या होत्या, आणि खांदे मात्र पुरुषासारखे रुंद, कठीण. कोचावर बसवलं, पाठीला उशी दिली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. फोन का उचलला नाही, हे त्या विचारतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी ते कधीच विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "आई, तुम्हाला तर हे मासे आवडतही नाहीत. कशाला एवढं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नोंदणीच्या खिडकीसमोर येऊन स्वतःचंच नाव विसरलेय.

"आवडायचं काय त्यात? तळायच्याही लायकीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "पाण्यातनं वर काढलं की ते आपल्या अंगावर असतं. मारते, विकते, खाते. सडवत नाही."

आ-फा आला तेव्हा नाक धरून म्हणाला की झालं एवढं पुरे, टाकी विकून टाकू. सासूबाई म्हणाल्या, "तू गप." त्याला गप करण्याइतकी आमची मतं जुळण्याची ती पहिली वेळ.

टाकी पुन्हा उभी राहायला चार महिने लागले. पाणी सगळं बदललं, खडक घासले. सासूबाई स्टुलावर बसून सूचना देत, आणि प्रत्येक सूचनेला एक शेपूट असे. असं घासतात होय, तुझ्या आईनं भांडी कधी घासायला लावली नव्हती वाटतं. मी उलटून बोलू लागले होते. मी म्हणायची, माझ्या आईनं मला शाळेत घातलं. त्या म्हणायच्या, दिसतंय. एकटा उरलेला मासा खडकामागे लपून असायचा. जेवण टाकलं की बाहेर यायचा, खायचा, परत जायचा. "विधुर झालाय," त्या म्हणाल्या, "पण माझ्या नवऱ्यापेक्षा कामाचा." त्यांच्या तोंडून नवऱ्याबद्दल ऐकलेलं ते दुसरं वाक्य.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी आम्ही परत त्या दुकानात गेलो. मी आईंना बरोबर नेलं नाही, विचारून नेलं, यात फरक आहे. को होताच. पांढऱ्या फुलाचं काय झालं म्हणून त्याने विचारलं नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं. नवी दोन पांढरी दिव्याखाली चमकत होती. एक पिवळं होतं, लिंबासारखं. सासूबाई त्याच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तर रंगवलंय." मी या वेळी शब्दाला शब्द कोला सांगितलं. तो म्हणाला, तसं येतंच, आम्ही रंगवत नाही. मी तेही शब्दाला शब्द त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग येतं तिथं परत पाठव म्हणावं." तेही सांगितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

मागच्या टाकीतलं तपकिरी फूल अजून तिथेच होतं. चार महिन्यांत कुणी घेतलं नव्हतं. खडकाच्या फटीत पाय घट्ट, बाहू उजेडाकडे, टोकं द्राक्षांसारखी फुगलेली, तोंडाची शिवण मिटलेली. सासूबाईंनी बाही सारली. या वेळी मी कोला आधी विचारलं आणि तो हो म्हणायला वेळ लावत होता तोवर हात आत गेलेला होता. बाहू बोटांना चिकटले. त्यांनी हात मागे घेऊन दाखवला, फूल बोटांबरोबर ताणलं जात होतं.

"हे," त्या म्हणाल्या.

को प्लास्टिकची पट्टी घेऊन आला, पाय खरवडून सोडवायला. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. खडकासकट द्यायला तो तयार नव्हता, खडक मोठा होता. मग त्यांनीच स्टूल मागितलं, काठी माझ्याकडे दिली आणि पाण्यात बोटाच्या टोकाने पायाची कड उचलायला सुरुवात केली. केसभर उचलायची, थांबायची. ते पुन्हा चिकटायच्या आत पुढची केसभर. पंधरा-वीस मिनिटं. एक बाप-लेक मासे बघायचे सोडून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. कोही उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याने पट्टी मागच्या खिशात घातली. फूल सुटलं तेव्हा त्याच्या पायाला ओरखडासुद्धा नव्हता.

"आजी, कुठे शिकलात?" त्याने विचारलं. साध्या आवाजात, कानाजवळ न येता.

मी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, शिकायला काय लागतं. घाई नसली की झालं. याला गिऱ्हाईक करायची घाई." हेही मी तसंच सांगितलं. तो लाल झाला.

घरी आल्यावर पंप बंद केला. जाळी बसवलेली होती, तरीही. पाण्याचा खारटपणा मी मोजला आणि त्यांनी चाखला, दोघींचं जमलं. मधल्या दोन खडकांत एक कपार होती, तिथे त्यांनी फूल बसवलं. पण नवं फूल लगेच पकडत नाही. पाण्याने उलटलं तर पुन्हा पंपाकडे जाणार. त्यांनी त्याभोवती हाताची ओंजळ धरली आणि तशाच बसून राहिल्या. कोपरापर्यंत हात टाकीत, गाल काचेला टेकलेला. मी म्हटलं, मी धरते थोडा वेळ. त्या म्हणाल्या, "तुझे हात कागदाचे."

मी स्वयंपाकाला लागले. वाळवलेल्या मुळ्याची अंड्याची पोळी, रताळ्याचा पाला, माशाचं सूप. मधून मधून डोकावत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्या आहेत असं वाटलं, पण मासा खडकामागून बाहेर येऊन त्यांच्या मनगटाजवळ घुटमळला तेव्हा त्यांची करंगळी जराशी बाजूला झाली, त्याला वाट द्यावी तशी. मासा फुलात गेला नाही. त्याच्याकडे बघितलं आणि परत मागे गेला. मी हळहळले. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "जाईल नाहीतर नाही जाणार. त्याची मर्जी. तू पोळी करपवू नको."

पाऊण तासाने त्यांनी हात उघडला. फुलाने कपार धरली होती. मी पंप सुरू केला, बाहू एका बाजूला झुकले, पाय हलला नाही.

आ-फा जेवायला येऊन बसला. मी टॉवेल पुढे केला, तो सासूबाईंनी घेतला नाही. हात झटकला आणि तशाच टेबलाशी येऊन बसल्या. आ-फा म्हणाला, "आई, हात तरी धुऊन ये, टाकीचं पाणी आहे ते." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"राहू दे," मी म्हटलं, आणि त्यांच्या वाटीत भात वाढला.

त्या डाव्या हाताने जेवल्या. उजवा टेबलावर, सुरकुतलेला, बाही अजून वर सारलेली. जेवण संपेपर्यंत तो वाळला आणि कोपराखाली मिठाची एक बारीक पांढरी रेघ उमटली. त्या भाताला नावं ठेवत होत्या, आणि मधूनच, आमचं लक्ष नाही असं समजून, मान वळवून त्या रेघेचा वास घेत होत्या.